हाड मोडायची वाट न पाहता: ठिसूळ हाडांच्या औषधांची नवी परीक्षा

२०२५ च्या अखेरीला अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, एक निर्णय घेतला. हाडांवर काम करणारे शास्त्रज्ञ त्याची बारा वर्षं वाट पाहत होते आणि बाकीच्यांना त्याचा पत्ताही नव्हता. निर्णय असा: पाळी गेलेल्या स्त्रियांच्या ठिसूळ हाडांवरचं नवं औषध तपासताना किती जणींची हाडं मोडली हे मोजत बसायला नको, दोन वर्षांत खुब्याच्या हाडाची घनता किती वाढली, हा पुरावा चालेल.

ऐकायला ही कारकुनी दुरुस्ती वाटते. पण हाडांचं औषध शोधायला किती पैसा लागतो, किती वर्षं लागतात आणि त्यात उतरण्याची ऐपत कोणाची, हे तिन्ही त्यामुळे बदलू शकतं. २०१९ मध्ये रोमोसोझुमॅब आलं, त्यानंतर या आजारावर नव्या धाटणीचं औषध अमेरिकेत आलेलंच नाही. म्हातारी माणसं वाढतायत, खुबे मोडतायत आणि औषध कंपन्यांनी मात्र या विषयाकडे पाठ फिरवलेली. ती का फिरवली हे कळलं की निर्णयाचं मोल कळतं. त्यातली जोखीमही कळते.

## घनता म्हणजे काय मोजतात?

हाड जिवंत असतं. कोलॅजन नावाच्या प्रथिनाची जाळी आणि त्या जाळीत बसलेले कॅल्शियम-फॉस्फेटचे बारीक स्फटिक, अशी त्याची रचना. स्फटिकांमुळे कडकपणा येतो, जाळीमुळे थोडं लवणं जमतं. एका जातीच्या पेशी जुनं हाड कुरतडत असतात, दुसऱ्या जातीच्या पेशी त्या जागी नवं भरत असतात. हे काम जन्मभर चालू. तिशीच्या आसपास हाडांचा साठा सर्वांत जास्त असतो. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, कुरतडणाऱ्या पेशींना आवर राहत नाही आणि पुढची काही वर्षं हाड झपाट्याने झिजतं. पुरुषांचंही झिजतं, पण सावकाश.

झिजणारं हाड दुखत नाही. अंगणात पाय घसरेपर्यंत, कधी कधी नुसती बादली उचलेपर्यंत, बाईला काही कळलेलं नसतं.

झीज मोजायचं यंत्र म्हणजे डेक्सा. दोन वेगवेगळ्या ताकदीचे क्ष-किरण शरीरातून सोडायचे, हाडातल्या खनिजाने त्यातले किती अडवले ते पाहायचं आणि दर चौरस सेंटिमीटरला किती ग्रॅम खनिज आहे ते काढायचं. यालाच हाडांची घनता म्हणतात. आलेला आकडा तरुण, निरोगी स्त्रियांच्या सरासरीशी ताडून टी-स्कोअर काढतात. उणे २.५ किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवून दिली. तीच आजही रिपोर्टवर छापून येते.

## आजवर औषध पास कसं व्हायचं?

हाडं मोजून. मोडलेली हाडं.

डेनोसुमॅब या इंजेक्शनची चाचणी घ्या. २००९ मध्ये तिचे निष्कर्ष आले. सुमारे ७,८०० स्त्रिया, तीन वर्षं. निम्म्यांना औषध, निम्म्यांना औषध नसलेलं दिसायला सारखं इंजेक्शन. तीन वर्षांनंतर खुबा मोडलेल्या स्त्रिया किती? औषधाच्या गटात २६, दुसऱ्या गटात ४३. खुबा मोडण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी घटलं, हा मोठा फायदा. पण ते सिद्ध करायला जवळपास आठ हजार बायका तीन वर्षं सांभाळाव्या लागल्या, आणि हाती आले ६९ मोडलेले खुबे. एका गावात किंवा एका इस्पितळात करण्याजोगं हे काम नाही. त्याला अनेक देश, शेकडो केंद्रं आणि अब्जावधी रुपये लागतात.

त्यातून दुसरा पेच उभा राहिला, तो पैशाहून अवघड. १९९५ पासून बाजारात ॲलेंड्रोनेटसारखी औषधं आहेत, ती चालतात हे ठाऊक आहे. मग ज्या बाईचा मणका आधीच दबलेला आहे तिला 'तुम्ही तीन वर्षं बिनऔषधाचं इंजेक्शन घ्या, हाड मोडतं का आम्ही पाहतो' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? नीतिमत्तेच्या समित्या परवानगी देत नाहीत, आणि देऊही नये. नव्या औषधाची तुलना जुन्या चांगल्या औषधाशी करावी, तर दोघांतला फरक इतका बारीक की आठ हजारही पुरत नाहीत. कोंडी ती हीच. कंपन्यांनी हिशेब केला आणि त्या कर्करोगाकडे, वजन घटवण्याकडे वळल्या.

## मग घनता का चालते?

खळ्यावर धान्य येण्याआधीच गावाची पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, ठरते. सप्टेंबरअखेरीस उभ्या पिकाचा नजर अंदाज लावतात आणि पन्नास पैशांच्या आत की वर, यावर पुढचं बरंच काही ठरतं. सगळा शेतमाल बाजारात विकून झाल्यावर मदत द्यायची म्हटलं तर तोवर माणूस उठलेला असतो, म्हणून आधीच्या एका खुणेवर निर्णय घ्यायचा. घनतेचं काम इथे तेच. हाड मोडणं हा शेवटचा निकाल. घनता ही त्याआधी दिसणारी, मोजता येणारी खूण. वैद्यकात हिला सरोगेट एंडपॉइंट म्हणतात, आपण बदली निकष म्हणू.

बदली निकष नवे नाहीत. रक्तदाबाची गोळी मंजूर होताना किती जणांना पक्षाघात झाला हे मोजत बसत नाहीत. दाब किती उतरला ते पाहतात. मधुमेहात तीन महिन्यांची सरासरी साखर पाहतात. पण शेतकऱ्यांना पैसेवारीचा जो अनुभव आहे तोच डॉक्टरांना बदली निकषांचा आहे. पीक हिरवंगार दिसतं आणि कणसात दाणा भरलेला नसतो, असंही होतं.

१९८९ मध्ये हृदयाच्या औषधांत तसं घडलं. हृदयाचे जादा ठोके धोकादायक, म्हणून ते दाबणारी औषधं दिली. ठोके दबले. आणि औषध घेणारेच जास्त मेले. त्यानंतर नियामकांनी 'खूण सुधारली, म्हणजे माणूस सुधारला' हे सहजासहजी मान्य करणं सोडलं.

## हाडांचं हे आधीच का नाही केलं? फ्लोराइडची गोष्ट

हाडांच्या बाबतीत एफडीएचं तोंड दुधाने पोळलं ते पुढच्याच वर्षी. मेयो क्लिनिकच्या लॉरेन्स रिग्ज आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एक चाचणी छापली. २०२ स्त्रिया, सगळ्यांना ऑस्टिओपोरोसिस, सगळ्यांचे मणके दबलेले. निम्म्यांना रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड, चार वर्षं. फ्लोराइडने नवं हाड तयार होतं हे आधीपासून माहीत होतं. घनता वाढली, आणि कशी: कमरेच्या मणक्यांत ३५ टक्के. आजच्या चांगल्यातल्या चांगल्या औषधानेही एवढी वाढत नाही.

आणि मणके? औषध घेणाऱ्यांत नवे १६३ मोडले, न घेणाऱ्यांत १३६. म्हणजे फायदा शून्य. मणक्यांव्यतिरिक्त इतर हाडं मात्र औषधाच्या गटात ७२ ठिकाणी मोडली, दुसऱ्या गटात २४.

याचं कारण हाडाच्या रचनेत आहे. फ्लोराइड स्फटिकांच्या आत शिरतं, त्यांचा आकार आणि कोलॅजनच्या जाळीशी असलेली त्यांची सांगड बिघडवतं. खनिज वाढतं, म्हणून यंत्रावर आकडा वाढतो. पण ते हाड ठिसूळ असतं. शिवाय मणक्यात खनिज वाढत असताना हाताच्या हाडातलं चार टक्क्यांनी घटलं होतं.

आपल्याकडे हे समजायला अमेरिकेची चाचणी लागायला नको. भूजलातल्या फ्लोराइडमुळे हाडं कशी होतात याचं वर्णन १९३७ मध्येच मद्रास इलाख्यातल्या रुग्णांवरून छापून आलं होतं. चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत बोअरचं पाणी पिऊन पाठ ताठ झालेली, गुडघे वाकलेली माणसं आजही दिसतात. एक्स-रेवर त्यांची हाडं पांढरीशुभ्र, दाट दिसतात. त्यांच्यात ताकद मात्र नसते. पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं.

फ्लोराइडच्या या फजितीनंतर नियामकांचा नियम पक्का झाला: घनतेचं काय ते सांगू नका, हाडं मोजून दाखवा. तो नियम तेव्हा बरोबरच होता.

## मग आता काय बदललं?

पुरावा साठत गेला. फ्लोराइडनंतर तीस वर्षांत डझनभर औषधांच्या चाचण्या झाल्या आणि त्या प्रत्येकीत घनताही मोजली होती, मोडलेली हाडंही. दोन्ही आकडे एकाच माणसाचे. त्या सगळ्या चाचण्या एकत्र केल्या तर घनता आणि मोडणं यांचं नातं तपासता आलं असतं. अडचण एवढीच, की ही माहिती निरनिराळ्या कंपन्यांच्या कपाटांत होती आणि कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक.

२०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांशी जोडलेल्या एका फाउंडेशनच्या छत्राखाली हे काम सुरू झालं. पुढे अमेरिकन सोसायटी फॉर बोन अँड मिनरल रिसर्च ही शास्त्रज्ञांची संघटना त्यात आली आणि प्रकल्पाचं नाव सेबर पडलं. कॅलिफोर्नियातले डेनिस ब्लॅक, हार्वर्डच्या मेरी बुक्सीन, शेफील्डचे रिचर्ड ईस्टेल ही त्यातली ठळक नावं. पन्नासहून जास्त चाचण्या, दीड लाखाहून जास्त माणसं, आणि सरासरीचे गोळाबेरीज आकडे नव्हेत तर एकेका माणसाची नोंद. नव्वदच्या दशकातल्या फाइली शोधून काढणं, वेगवेगळ्या बनावटीच्या डेक्सा यंत्रांचे आकडे एका मापात आणणं, 'मणका मोडला' याची व्याख्या प्रत्येक चाचणीत निराळी होती ती जुळवणं. बारा वर्षं यातच गेली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी बातमी ही आहे. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. जुनी, कोणाची ना कोणाची मालकी असलेली माहिती एका टेबलावर आली.

निघालं काय? २०२० मध्ये २३ चाचण्यांतल्या ९१,७७९ जणांच्या नोंदींवरून प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात औषधाने खुब्याची घनता जितकी जास्त वाढली, तितकी हाडं कमी मोडली, हे नातं स्पष्ट दिसलं. मणक्यांसाठी ते सर्वांत घट्ट, खुब्यासाठी थोडं सैल. त्याआधीच्या एका विश्लेषणातून अंदाज असा आला होता: खुब्याची घनता औषध न घेणाऱ्यांपेक्षा २ टक्के जास्त वाढली तर मणके मोडणं साधारण २८ टक्क्यांनी आणि खुबा मोडणं १६ टक्क्यांनी घटतं, ६ टक्के वाढली तर हेच आकडे ६६ आणि ४० होतात. डेनोसुमॅबच्या चाचणीत खुब्याची घनता ६ टक्केच वाढली होती आणि घट ६८ आणि ४० टक्के आली होती. जुळणी छान दिसते, पण ही चाचणी अशा विश्लेषणांच्या साठ्यातलीच आहे, तेव्हा तिला स्वतंत्र पुरावा मानू नये.

खुबाच का, मणका का नाही, असाही प्रश्न येतो. वय वाढलं की मणक्यांच्या कडांना हाडाच्या कोंबासारखी वाढ होते, शेजारच्या महाधमनीत कॅल्शियम साचतं, दबलेल्या मणक्यात तेवढंच खनिज कमी जागेत येतं. हे सगळं यंत्राला 'हाड' म्हणून दिसतं आणि आकडा खोटा फुगतो. खुब्याला ही भानगड बरीच कमी. फ्लोराइडचा ३५ टक्क्यांचा चमत्कारही मणक्यातला होता. खुब्याच्या भागात वाढ दहा-बारा टक्केच होती. तरी तीही आजच्या औषधांपेक्षा जास्तच. म्हणून खुबा निवडला की फ्लोराइडचा धडा निकाली निघाला, असं कोणी सांगितलं तर मानू नका. नव्या जातीच्या औषधासाठी हाडाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, प्राण्यांच्या हाडांची ताकद मोडून तपासणं, ही पायरी चुकवून चालणार नाही.

## आणि साइड इफेक्ट?

या निर्णयावरचा सगळ्यात सबळ आक्षेप हाच आहे.

ओडॅनाकॅटिब नावाची एक गोळी होती. आठवड्यातून एकदा घ्यायची, घनता वाढवायची, हाडं मोडणंही कमी करायची. सोळा हजार स्त्रियांवर चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण जास्त आढळलं आणि २०१६ मध्ये कंपनीने ते औषध सोडून दिलं. आता विचार करा, हीच चाचणी पाचशे-सातशे स्त्रियांवर दोन वर्षं झाली असती तर? घनता वाढलेली दिसली असती आणि पक्षाघाताची वाढ बहुधा कोणाच्या नजरेतही आली नसती. रोमोसोझुमॅबच्या एका चाचणीत हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण किंचित जास्त दिसलं, म्हणून त्याच्या पाकिटावर आज ठळक इशारा आहे. ती चाचणी ४,०९३ स्त्रियांची होती.

काही त्रास तर मोठ्या चाचणीतही सापडत नाहीत. ॲलेंड्रोनेट वर्षानुवर्षं घेणाऱ्या थोड्या स्त्रियांत मांडीचं हाड मधोमध, जवळपास काही न लागता, आडवं मोडतं, हे औषध बाजारात येऊन दहा वर्षं झाल्यावर लक्षात येऊ लागलं. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या नोंदींवरून कळलं की गोऱ्या स्त्रियांपेक्षा आशियाई वंशाच्या स्त्रियांत हा धोका बराच जास्त आहे. फायद्याच्या मानाने तो लहानच आहे, कोणी घाबरून गोळी बंद करू नये. डेनोसुमॅबचं वेगळंच: ते मध्येच सोडलं तर घनता झरझर खाली येते आणि काहींचे एकामागून एक मणके दबतात. दोन वर्षांची चाचणी औषध चालू असतानाच संपली, तर हे दिसणार कुठून?

याला उत्तर आहे, पण अर्धं. बदली निकष फक्त 'औषध काम करतं का' एवढ्याच प्रश्नाला लागू आहे. 'औषध सुरक्षित आहे का' यासाठी पुरेशी माणसं तपासून दाखवा आणि मंजुरीनंतरही पाठपुरावा करा, असं नियामक सांगू शकतो. सांगेल किती कडकपणे आणि कंपन्या पाळतील किती, हे पुढच्या दोन-तीन औषधांच्या वेळी दिसेल. मंजुरीनंतर करायच्या अभ्यासांचा आजवरचा इतिहास, अगदी अमेरिकेतलाही, अभिमान वाटावा असा नाही.

## म्हणजे ही कंपन्यांचीच सोय झाली?

झाली, त्यात शंका नाही. पण कंपन्यांच्या सोयीपेक्षा मोठी सोय झाली ती ज्यांच्या मागे कंपनी नाही त्यांची. आठ हजार माणसांची चाचणी फक्त बड्या कंपनीला परवडते आणि बडी कंपनी फक्त पेटंट असलेल्या महागड्या औषधावर पैसा लावते. स्वस्त, जुन्या औषधाचा नवा वापर तपासायला कोणी पुढे येत नाही.

अपवाद आहेत, आणि ते बोलके आहेत. न्यूझीलंडमध्ये सरकारी पैशावर चाललेल्या एका चाचणीत पन्नास ते साठ वर्षांच्या १,०५४ स्त्रियांपैकी काहींना झोलेड्रोनेट या औषधाचं सलाइन दहा वर्षांत एकदा दिलं, काहींना दोनदा आणि काहींना औषध दिलंच नाही. दहा वर्षांनी मणका मोडलेल्या स्त्रिया: औषध न मिळालेल्यांत ११.१ टक्के, दोनदा मिळालेल्यांत ६.३, एकदाच मिळालेल्यांत ६.६. २०२५ मध्ये हे छापून आलं. पेटंट संपलेलं औषध, दहा वर्षांत एक सलाइन. गरीब देशाच्या आरोग्य खात्याने कान टवकारावेत असा हा निष्कर्ष आहे. पण त्याला दहा वर्षं लागली. असे प्रश्न दोन वर्षांत, काही शे स्त्रियांवर तपासता येणार असतील तर विद्यापीठं आणि सरकारी महाविद्यालयंही रांगेत उभी राहू शकतात.

## आपल्याकडच्या संशोधकांना यातून काय?

आधी एक खुलासा: एफडीएचा निर्णय आपल्या केंद्रीय औषध नियामकावर बंधनकारक नाही. आणि तो पाळी गेलेल्या स्त्रियांपुरता आहे. पुरुष, स्टेरॉइडमुळे हाडं झिजलेले रुग्ण, मूत्रपिंडाचे रुग्ण, जन्मजात ठिसूळ हाडांची मुलं, यांच्यासाठी हेच नातं खरं ठरतं का, हे दाखवायचं काम अजून बाकी आहे. तेही कोणाला तरी करावं लागेल.

वनस्पतींपासून मिळणाऱ्या औषधांचं एक दालन आहे. कांडवेल हाड जुळायला देण्याची आपल्याकडे जुनी रीत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शिसमच्या पानांच्या अर्कावर काम केलं आहे. अशा दाव्यांना आजवर 'चाचणी परवडत नाही' ही सबब होती. ती आता दुबळी झाली. ज्याला वाटतं की आपल्या काढ्याने हाड भरतं, त्याने खुब्याच्या डेक्सावर दोन वर्षांत ते दाखवावं. सोबत फ्लोराइडचा इतिहास भिंतीवर लावावा.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पायाभूत काम. डेक्सा क्षेत्रफळावर मोजतं, जाडी त्याला कळत नाही. त्यामुळे लहान चणीच्या माणसाचं हाड चांगलं असूनही आकडा कमी येतो. खुब्याच्या टी-स्कोअरसाठी जगभर जी तरुण सरासरी वापरतात ती अमेरिकेतल्या गोऱ्या स्त्रियांची आहे. पावणेपाच फुटांच्या, पंचेचाळीस किलोच्या आपल्या बाईला त्या पट्टीवर उभं केलं तर निदान किती खरं? लहान मुलांच्या बाबतीत हे काम पुण्यात झालं आहे. जहांगीर रुग्णालयातल्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत अनुराधा आणि वामन खाडिलकर यांच्या गटाने भारतीय मुलांच्या हाडांची संदर्भमूल्यं तयार केली. पुण्यातल्याच केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने पुण्याजवळच्या गावांतल्या आयांचा गरोदरपणातला आहार आणि त्यांच्या मुलांची सहाव्या वर्षीची हाडं यांची सांगड तपासली. ज्या आया दूध आणि कॅल्शियम असलेले पदार्थ वरचेवर खात होत्या त्यांच्या मुलांची हाडं जास्त भरलेली निघाली. हा अभ्यास २००६ चा. ती मुलं आज तिशीच्या आसपास आहेत, हाडांचा साठा शिखरावर असण्याच्या वयात. जगात फार थोड्या ठिकाणी इतक्या आधीपासूनच्या नोंदी आहेत.

फ्लोराइडच्या पट्ट्यात तर प्रश्न उलटा होतो. तिथे डेक्साचा आकडा चांगला येईल आणि हाड वाईट असेल. अशा गावातली स्त्री एखाद्या औषधाच्या चाचणीत घेतली गेली तर सगळा हिशेबच बिघडणार. तेव्हा चाचणीआधी पिण्याच्या पाण्याची चौकशी करणं भारतात अनिवार्य असायला हवं, आणि या लोकांची हाडं मोजायची वेगळी रीत शोधणं हा कोणाच्या तरी पीएचडीचा विषय असायला हवा.

## माझ्या रिपोर्टमध्ये घनता दोन टक्के वाढली. म्हणजे मी सुरक्षित?

असा अर्थ काढू नका. वर सांगितलेलं नातं शेकडो जणींच्या सरासरीचं आहे. एकाच बाईची एकाच दिवशी दोनदा डेक्सा केली, पाय थोडा वेगळा वळला, तरी दीड-दोन टक्क्यांचा फरक पडतो. शेकडो जणींत असे फरक एकमेकांना खोडून काढतात. एकटीच्या रिपोर्टमध्ये ते तसेच राहतात. म्हणून दर सहा महिन्यांनी डेक्सा करण्यात अर्थ नाही. आणि करायची तर त्याच केंद्रावर, त्याच यंत्रावर करावी.

सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा औषधाच्या दुकानाबाहेर 'मोफत हाडांची तपासणी' असा फलक लागतो, तिथे बहुतेक वेळा टाचेवर अल्ट्रासाउंडचं यंत्र लावतात. ते डेक्सा नव्हे. या निर्णयाचा त्या यंत्राशी काही संबंध नाही. त्यावरचा लाल पट्टा पाहून लगेच कॅल्शियमचे डबे घरी आणायची गरज नाही, आणि हिरवा पट्टा पाहून निर्धास्त व्हायचीही नाही.

डॉक्टरांना सांगायची जास्त उपयोगी माहिती वेगळीच असते. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट, खांदा किंवा मणका मोडला होता का? आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का? दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या किती महिने चालू होत्या? उंची चार-पाच सेंटिमीटर घटली आहे का? यातलं पहिलं सर्वांत महत्त्वाचं, कारण एकदा असं हाड मोडलं की पुढचं मोडण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. तरी बहुतेक ठिकाणी मनगटाला प्लास्टर घालतात, दीड महिन्याने काढतात आणि बाईला घरी पाठवतात. हाड का मोडलं हे कोणी विचारत नाही. तिच्यासाठी लागणारं औषध अजून शोधायचं नाहीये. ते गावातल्या दुकानात मिळतं.